मुंबई–नागपूर बुलेट ट्रेनची चर्चा : बडोद्याच्या अनुभवावरून सासुरवाडीला काय सांगावे?

दांडियाबाजारकर :

सर्वांना सविनय नमस्कार. माझी सासुरवाडी नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यात आहे. तेथे समृद्धी महामार्गासाठी मेहुण्यांच्या भाऊबंदांपैकी दोघांची जमीन पूर्वीच गेलेली आहे आणि आता मुंबई–नागपूर बुलेट ट्रेनही बऱ्याच अंतरापर्यंत त्याच महामार्गाच्या कडेने जाणार, अशी चर्चा गावात पुन्हा सुरू झाली आहे. 2021 मध्ये या मार्गासाठी विमानातून लेसरच्या साहाय्याने पाहणी झाली होती, ती गावकऱ्यांच्या लक्षात आहे. प्रत्यक्षात अजून कोणाच्याही हाती नोटीस पडलेली नाही. तरीही गावात आताच तीन तट पडले आहेत. काही जण एक इंचही देणार नाही म्हणतात, काही जण दर किती मिळेल एवढेच विचारतात आणि उरलेले, ज्यांत माझे मेहुणेही आले, जे होईल ते पाहू असे म्हणून स्वस्थ बसले आहेत.

गणपतीत तेथे गेलो असता सगळ्यांनी मलाच गाठले. "दाजी, तुमच्या बडोद्यात तर मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन शहराच्या डोक्यावरून जाणार आहे, मग तुमच्याकडच्या लोकांनी तेव्हा काय केले?" मला उत्तर देता आले नाही, याची थोडी लाजच वाटली. 14 सप्टेंबर 2017 रोजी साबरमतीला भूमिपूजन झाले तेव्हापासून आमच्या गल्लीत या गाडीविषयी जी काही चर्चा झाली, ती मुंबईला किती वेळात पोहोचू आणि तिकीट किती असेल, यापलीकडे कधी गेली नाही. स्थानकाजवळचे खांब उभे राहताना पाहिले, एवढाच माझा अनुभव.

मार्ग कागदावर असतानाच हरकत घेतली तर तो खरोखर बदलतो का, नोटीस येण्यापूर्वी शेतकऱ्याने हाती घ्यावे असे काही काम असते का, आणि ज्यांची जमीन गेली नाही पण घर मार्गालगत आहे त्यांचे पुढे काय होते, हे येथील जाणकारांनी कृपया सांगावे. बाजूने किंवा विरोधात भाषण नको आहे, ते गावात पुरेसे होत आहे.

निवृत्त मोजणीदार :

दांडियाबाजारकर, आपला प्रश्न योग्य वेळी आला आहे. बहुतेक लोक हाच प्रश्न दोन वर्षांनी, निवाडा, म्हणजे भरपाई ठरवणारा आदेश, हातात पडल्यावर विचारतात. माझी नोकरी जमीन मोजणीत गेली असल्यामुळे मी त्याच बाजूने उत्तर देतो.

मार्ग बदलण्याविषयी आधी सांगतो, कारण गावाची सगळी शक्ती तेथेच खर्च होते. ताशी 320 किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीच्या वळणाची त्रिज्या काही किलोमीटरांची ठेवावी लागते. त्यामुळे साध्या रस्त्याप्रमाणे एखादे देऊळ किंवा विहीर चुकवून रूळ पुन्हा मूळ रेषेवर आणता येत नाहीत. एका गावात रेषा दोनशे मीटर सरकवायची म्हटली की मागची आणि पुढची कितीतरी गावे तिच्याबरोबर सरकतात, आणि मग त्या गावांची हरकत येते. म्हणून सर्वेक्षणाच्या टप्प्यावर, रेषा अजून पेन्सिलीची असताना दिलेले निवेदन वाचले जाण्याची थोडी तरी शक्यता असते. अधिसूचनेनंतर दिलेले निवेदन बहुधा फाइलीला लावले जाते, एवढेच.

गुजरातमधील विरोध लहान नव्हता. 2018 मध्ये सुमारे हजार शेतकऱ्यांनी उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रे दिली, कर्ज देणाऱ्या जपानी संस्थेपर्यंत तक्रार गेली आणि त्या संस्थेची माणसे येथे येऊन शेतकऱ्यांना भेटूनही गेली. 2013 च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचे मूल्यांकन सक्तीचे होते, पण गुजरातने 2016 मध्ये दुरुस्ती करून अशा प्रकल्पांना त्यातून सूट देण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. वादाचे एक मूळ तेथे होते. सप्टेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली आणि शंभराहून अधिक याचिका फेटाळल्या. वाढीव भरपाई मागण्याची वाट मात्र मोकळी राहिली. महाराष्ट्रानेही 2018 मध्ये अशाच स्वरूपाची दुरुस्ती केलेली असल्याने सासुरवाडीच्या मंडळींनी त्या मूल्यांकनाच्या भरवशावर राहू नये.

आता भरपाई. 2013 च्या कायद्याच्या कलम 26 नुसार जमिनीचा बाजारभाव ठरवताना मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेला दर आणि आसपासच्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांतील सरासरी यांपैकी जो अधिक असेल तो धरतात. त्या सरासरीसाठी मागील तीन वर्षांची खते घेतात आणि त्यांतील जास्त किमतीची निम्मी खते हिशेबात येतात. या रकमेला ग्रामीण भागात 1 ते 2 च्या दरम्यानचा गुणक लागतो, विहीर, झाडे, पाइपलाइन यांची किंमत मिळवली जाते आणि येणाऱ्या बेरजेइतकीच रक्कम दिलासा म्हणून वर दिली जाते. ऐकायला हे उत्तम आहे. घोटाळा पायाच्या आकड्यात असतो. गुजरातमध्ये सरकारी दर, म्हणजे जंत्री, 2011 मध्ये ठरली आणि एप्रिल 2023 मध्ये दुप्पट होईपर्यंत तशीच राहिली. बुलेट ट्रेनचे बरेचसे संपादन नेमके या मधल्या काळातले आहे. जंत्री जुनी असली तरी खरेदीखते तारतील असे म्हणावे, तर मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी खतात निम्मी-पाव किंमत लिहिण्याची सवय आपल्या लोकांनीच लावून घेतलेली. बाजारात ज्या शेताला पंधरा लाख मोजले त्याच्या खतात चार लाख असतील, तर सरकारच्या लेखी त्या गावाचा भाव चार लाखच. मी मोजणीच्या वेळी शेतांच्या बांधांवर उभा राहून हे अनेकांना सांगितले आहे. त्यावर कोणीही माझ्याशी वाद घातला नाही, फक्त गप्प झाले.

नोटीस येण्यापूर्वी करावयाचे काम म्हणजे सातबारा दुरुस्त करणे. आजोबांच्या नावावर पडून असलेली जमीन, न झालेली वारस नोंद, तोंडी वाटणी, विहीर आहे पण पीकपाहणीत नोंद नाही, आंब्याची तीस झाडे आहेत पण कागदावर पडीक, या सगळ्यांची किंमत निवाड्याच्या दिवशी कळते. प्राथमिक अधिसूचना निघाली की त्या जमिनीचे व्यवहार थांबतात आणि हरकतीसाठी 60 दिवस मिळतात. पाच भावांच्या सह्या गोळा करण्यातच ते 60 दिवस संपलेले मी पाहिले आहेत.

करजणकर :

मोजणीदार साहेबांच्या म्हणण्याला माझी पूर्ण सहमती आहे, तरी ज्याचे जळते त्याला कळते म्हणून थोडे लिहितो. करजण तालुक्यात आमच्या घराण्याची गायकवाडी काळापासूनची काळी जमीन आहे. कानम प्रदेशाची ही माती कापूस आणि तूर यांसाठी नावाजलेली आहे. मार्ग आमच्या शेतातून आडवा गेला. हा मार्ग बहुतांशी खांबांवर आहे आणि त्यासाठी 17.5 मीटर रुंदीची पट्टी घेतात. एवढीच पट्टी जाणार, बाकी शेत तुमचेच, असे आम्हाला सांगण्यात आले आणि ते खोटे नव्हते. दोनशे मीटर लांबीच्या शेतातून ही पट्टी गेली की सुमारे 35 गुंठे जातात. मातीचा भराव घालून रूळ टाकले असते तर याच्या दुप्पट रुंदी लागली असती आणि शेताचे दोन तुकडे होऊन पलीकडे जायला मैलभर वळसा पडला असता. खांबांमुळे गुरे, ट्रॅक्टर आणि पावसाचे पाणी खालून जाऊ शकते, ही जमेची बाजू मी प्रामाणिकपणे मान्य करतो.

पण नकाशावरील 17.5 मीटर आणि बांधकामाच्या वर्षांतील 17.5 मीटर यांत फार अंतर आहे. 40 मीटर लांबीची एकेक तुळई 970 टनांची असते, ती जवळच्याच आवारात ओततात, त्या आवारासाठी आणि यंत्रांच्या रस्त्यासाठी शेजारच्या जमिनी भाड्याने घेतल्या जातात. भाडे चांगले मिळते, म्हणून लोक आनंदाने देतात. काम संपल्यावर जमीन परत मिळते तेव्हा काळी माती रोलरखाली इतकी दबलेली आणि खडीने इतकी भरलेली असते की पुढील काही हंगाम पीक धरत नाही. माझ्या चुलतभावाने करार करताना वरचा थर वेगळा काढून ठेवण्याची आणि काम संपल्यावर तो परत पसरण्याची अट लिहून घेतली होती, मी घेतली नव्हती. आज आमच्या दोघांच्या शेतांत उभे राहिल्यास अट कोणी घातली होती हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरे, आमच्या भागातील बैठकीची सूचना इतक्या उशिरा आली की निम्मे खातेदार पोहोचूच शकले नाहीत, आणि जे पोहोचले ते घोषणा देण्यात गुंतले. मीही दिल्या. मात्र त्या दिवशी ज्या चार शेतकऱ्यांनी आपापला गट क्रमांक, विहिरीचे अंतर आणि पाण्याच्या चारीची दिशा लिहून दिली आणि पोच घेतली, त्यांच्याच चाऱ्या पुढे कामाच्या नकाशात दिसल्या. विरोध चुकीचा होता असे मी म्हणत नाही, विरोधामुळेच आमच्याकडे दरांविषयी बोलणी तरी झाली. तरीही घोषणा आणि गट क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी गोष्ट आमच्यापैकी फार थोड्यांनी केली.

आणखी एक गंमत सांगतो. आमचे मियागाम–करजण हे भारतीय रेल्वेच्या इतिहासात नोंदलेले गाव आहे. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, 1862 मध्ये, डभोई ते मियागाम ही अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली आणि आरंभी ती चक्क बैल ओढत असत. त्या गाडीत आमच्या पूर्वजांना कापसाच्या गासड्यांसह चढता येत होते. ही नवी गाडी आमच्या शेतावरून जाईल, पण तिचे भरूचनंतरचे स्थानक थेट बडोद्यालाच. 508 किलोमीटरांत एकूण बारा स्थानके, आणि रुळांचे माप 1435 मिलिमीटर, म्हणजे आपल्या नेहमीच्या 1676 मिलिमीटरच्या रुळांहून वेगळे, त्यामुळे ही गाडी जुन्या फाट्यांवर कधी उतरूही शकणार नाही. सिन्नरच्या मंडळींनी सर्वप्रथम हे विचारावे की स्थानक नेमके कोठे आहे.

प्रतापनगरची प्रवासी :

करजणकर यांच्या दुःखाविषयी आदर बाळगून लिहिते, पण चर्चेत शहराची बाजूही यावी. मी कामानिमित्त महिन्यातून तीनदा मुंबईला जाते. वंदे भारतने सव्वाचार तासांच्या आसपास लागतात आणि परतीचे आरक्षण मिळणे हा वेगळा व्यायाम असतो. मुंबई–अहमदाबाद हे संपूर्ण अंतर मोजकी स्थानके घेणारी बुलेट ट्रेन साधारण 2 तास 7 मिनिटांत कापणार असेल, तर बडोद्याहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी येणे शक्य होईल. हा लाभ खरा आहे, त्याला कमी लेखू नये.

शहरवासीयांनी एका बाबतीत मात्र नशीब काढले. बडोद्याचे नवे स्थानक सध्याच्या रेल्वेस्थानकालाच लागून होत आहे आणि मध्यवर्ती बसस्थानकही शेजारीच आहे. याचे मोल ज्यांना बडोद्याच्या कडेला असलेल्या छायापुरी स्थानकाचा अनुभव आहे त्यांना विचारावे. 2020 मध्ये ते स्थानक सुरू झाल्यावर इंजिन फिरवण्याचा वेळ वाचावा म्हणून काही लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे वळवल्या गेल्या. गाडीचा अर्धा तास वाचला आणि रिक्षात प्रवाशाचा पाऊण तास गेला. नाशिकचे स्थानक शहराबाहेर माळावर नेण्याचा विचार झाला, तर त्याविषयी शेतकऱ्यांइतकेच नाशिककरांनीही आत्ताच बोलले पाहिजे. स्थानकाची जागा एकदा ठरली की प्रवासी फक्त पार्किंगविषयी बोलू शकतात.

दांडियाबाजारकर :

आपणा सर्वांचे आभार. करजणकर, वरचा थर वेगळा काढून ठेवण्याची अट मी आजच मेहुण्यांना कळवली. मोजणीदार काकांना एक शंका विचारतो. गावात आता काही जण म्हणत आहेत की खतातील किमतीवर भाव ठरत असेल, तर आपसांतच दोन-चार चढ्या भावाची खरेदीखते करून ठेवावीत. हे योग्य आहे का? शिवाय मेहुण्यांचे घर शेतातच आहे. मार्ग शेजारून गेला तर आवाजाचे काय, याविषयी कोणी लिहिलेले नाही.

रुळांपलीकडे :

आवाजाविषयी मी लिहितो. माझे घर स्थानकाच्या उत्तरेस, मार्गापासून हाकेच्या अंतरावर आहे. गाडी अजून धावलेली नाही, त्यामुळे आवाज कसा असेल याचा अनुभव मला नाही. बांधकामाचा अनुभव आहे, रात्री चालणारी यंत्रे, धूळ आणि पावसाळ्यात तुंबणारे पाणी. ऑगस्ट 2024 च्या विश्वामित्रीच्या पुरानंतर आमच्या भागात प्रत्येक नव्या खांबाकडे, प्रत्येक राडारोड्याच्या ढिगाकडे पाणी अडवणारी वस्तू म्हणूनच पाहिले जाते. पूर एका कारणाने येत नाही हे मलाही कळते, तरी नदी-नाल्यांलगतचा राडारोडा पावसाळ्यापूर्वी कोण उचलणार, हे लेखी घेणे आवश्यक आहे.

या विषयाकडे मी वळलो तो आमच्या सोसायटीच्या निवेदनामुळे. जपानमध्ये टोकियो–ओसाका मार्गावर 1964 मध्ये ही गाडी सुरू झाली तेव्हा आवाजाचा विचार फारसा झालेला नव्हता. नागोया शहरात रुळांलगतच्या रहिवाशांनी 1974 मध्ये रेल्वेविरुद्ध दावा लावला, पुढच्याच वर्षी तेथील सरकारने निवासी भागासाठी 70 आणि व्यापारी व अन्य भागासाठी 75 डेसिबलची मर्यादा ठरवली, आणि दावा प्रत्यक्षात 1986 मध्ये तडजोडीने मिटला. बारा वर्षे! ज्या तंत्रज्ञानाचे आपण कौतुक करतो त्यातील आवाज कमी करण्याचा बराचसा भाग त्या चिवट शेजाऱ्यांमुळे आलेला आहे, असे माझे मत झाले आहे.

आपल्या मार्गावर दोन्ही कडांना रुळांच्या पातळीपासून दोन मीटर उंचीचे काँक्रीटचे आवाजरोधक फलक आहेत आणि वस्तीच्या भागात ही उंची वरच्या अर्धपारदर्शक पट्टीसह तीन मीटर होते. मुद्दा असा की वस्ती कोणती, हे नकाशावर ठरते. चार घरांचा मळा नकाशात वस्ती म्हणून दिसेलच असे नाही. म्हणून शेतातील घराची ग्रामपंचायतीकडे नोंद, घरपट्टीची पावती आणि वीजबिल ही कागदपत्रे सर्वेक्षणाच्या टप्प्यावरच जोडावीत. आमच्या सोसायटीने निवेदनात केवळ आवाजाचा त्रास होईल असे लिहिले होते, त्याला पोच मिळाली आणि उत्तर आले नाही. दुसऱ्या निवेदनात इमारतीचे मार्गापासूनचे अंतर, मजले, खिडक्यांची दिशा आणि जवळच्या बालवाडीचा उल्लेख केला, तेव्हा पाहणीसाठी माणूस आला. पुढे काय होते ते पाहू.

निवृत्त मोजणीदार :

दांडियाबाजारकर, चढ्या भावाची बनावट खते करण्याच्या भानगडीत कोणीही पडू नये. ज्या खतातील किंमत प्रत्यक्ष बाजारभाव दाखवत नाही असे जिल्हाधिकाऱ्यांना वाटेल ते खत हिशेबातून वगळण्याचा अधिकार कलम 26 मध्येच आहे, आणि प्रकल्पाच्या तोंडावर भाऊबंदांत झालेली चार खते कोणाच्याही नजरेत भरतात. मुद्रांक शुल्क जाईल आणि गावाच्या खऱ्या खतांवरही संशय येईल. मात्र ज्यांचे खरेदीचे व्यवहार खरोखर ठरले आहेत त्यांनी या वेळी तरी पूर्ण रक्कम खतात लिहावी.

संमतीने जमीन दिल्यास काही टक्के जादा देण्याची पद्धत आहे. ती रक्कम आकर्षक असते, परंतु संमतीने दिल्यावर वाढीव भरपाई मागण्याचा हक्क साधारणपणे सोडावा लागतो. म्हणून सही करण्यापूर्वी मागील तीन वर्षांच्या खतांची यादी दुय्यम निबंधक कार्यालयातून काढून दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी मांडावेत. संमती न देता निवाडा स्वीकारायचा असेल, तर पैसे हरकत नोंदवूनच घ्यावेत. निवाड्याच्या वेळी हजर असल्यास कलम 64 खाली वाढीव भरपाईचा अर्ज करण्यासाठी सहाच आठवडे मिळतात.

मेहुण्यांचे घर शेतातच आहे असे आपण लिहिले आहे. घराचा केवळ एखादा भाग, पडवी किंवा गोठ्याची भिंत, संपादनात येत असेल तर संपूर्ण घर घ्या अशी मागणी मालकाला कलम 94 खाली करता येते. करजणकडे एका कुटुंबाचे स्वयंपाकघर गेले आणि माजघर राहिले, कारण ही मागणी वेळेत लिहून दिली गेली नाही. आपल्या मेहुण्यांना सांगावे की संयुक्त मोजणीच्या दिवशी घरातील कर्त्या माणसाने स्वतः हजर राहावे, मोजणीच्या पत्रकात विहीर, झाडे, पाइपलाइन आणि घराचे कोपरे आले आहेत की नाहीत हे पाहावे आणि एखादी गोष्ट सुटली असेल तर सही करताना तेथेच, त्याच कागदावर तसे लिहावे. त्या दिवशी शेतात चहा पाजणारे पुष्कळ असतात, पत्रक वाचणारा एखादाच. वारस नोंदीचा अर्ज दिवाळीपूर्वी तलाठ्याकडे गेला की येथे कळवा, फेरफारात काही अडले तर पाहता येईल.